कॉम्प्युटरमधली जुनी डिस्क बंद करण्यापूर्वी



घरचा कॉम्प्युटर पाच-सात वर्षांचा झाला की थकल्या बैलासारखा चालू लागतो. बटण दाबून चहा ठेवावा, चहा पिऊन यावे, तरी पडद्यावरचे चक्र आपले फिरतेच आहे. मग तालुक्याच्या गावातला दुरुस्तीवाला सांगतो, "एक एसएसडी टाकून घ्या, पळायला लागेल." त्याचे म्हणणे खोटे नसते. नवी डिस्क बसते, तिच्यावर नवे विंडोज चढते आणि कॉम्प्युटर खरोखरच पळू लागतो. जुनी हार्ड डिस्क मात्र "राहू द्या आत, जुना माल आहे तिच्यात" म्हणून डब्यातच ठेवली जाते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. त्या निमित्तानेही कुणी कुणी असा फेरफार करून घेतला असेल.

अशा रीतीने एका कॉम्प्युटरला दोन डिस्क होतात. नवी कामाची, जुनी साठवणीची. काही महिने बरे जातात. मग जुनी कुरकुरू लागते. फोटो उघडायला गेले की सगळा पडदा गोठतो, आतून टक-टक असा आवाज येतो, सुरू होताना कॉम्प्युटर पुन्हा पहिल्यासारखा रेंगाळतो. कधी कारण निराळे असते. धाकटी मुले खेळता खेळता दूध संकलनाच्या हिशेबाच्या फोल्डरपर्यंत पोचतात. किंवा जुन्या डिस्कवरचे जुने विंडोज सुरू होताना मध्येच डोके वर काढते आणि "कोणते विंडोज उघडू?" असे विचारत बसते. घरातले जाणते माणूस मग म्हणते, "ती दुसरी डिस्क बंदच करून टाका."

बंद करावी, काहीच हरकत नाही. पण बंद करणे आणि पुसणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बंद केलेली डिस्क उद्या पुन्हा उघडता येते. पुसलेल्या डिस्कमधून काही परत मिळाले तर ते नशीब, आणि त्या नशिबाचे बिल हजारोंच्या घरात जाते. पडद्यावरच्या यादीत हे दोन्ही शब्द हाताच्या अंतरावर असतात, आणि घाईत चुकीच्या शब्दावर बोट पडले म्हणजे मुलीच्या लग्नाचे फोटो, वारलेल्या आजोबांचा एकुलता एक व्हिडिओ, बागेच्या दहा वर्षांच्या फवारण्यांच्या नोंदी सगळे एका दमात जाते. म्हणून हे काम जेवणाआधीच्या पाच मिनिटांत उरकू नये. एक निवांत दुपार काढावी.

ही दुसरी डिस्क आहे, की दुसरी खोली?

आपल्याकडे एक जुनी पद्धत आहे. दुरुस्तीवाला एकाच डिस्कचे दोन-तीन भाग पाडून देतो आणि त्यांना सी, डी, ई अशी अक्षरे मिळतात. त्यामुळे पुष्कळांची समजूत अशी की 'डी' म्हणजे दुसरी डिस्क. एका वाड्याला दोन खोल्या असणे वेगळे आणि दोन वाडे असणे वेगळे. 'डी' ही त्याच वाड्यातली आतली खोली असेल, तर ती बंद करण्यासाठी वाड्याची वीज तोडून कसे चालेल?

खरे काय ते असे पाहावे. की-बोर्डवर खिडकीच्या चिन्हाचे बटण असते. ते दाबून धरा आणि 'एक्स' दाबा. एक यादी वर येईल, तीत 'डिस्क मॅनेजमेंट' निवडा. जी खिडकी उघडेल तिच्या खालच्या अर्ध्या भागात डाव्या कडेला करड्या रंगाचे चौकोन दिसतील. त्यांवर 'डिस्क ०', 'डिस्क १' असे लिहिलेले असेल. जितके चौकोन तितक्या खऱ्या डिस्क. पेन ड्राइव्ह लावलेला असला तर त्याचाही एक चौकोन दिसतो, म्हणून तो आधी काढून ठेवा. प्रत्येक चौकोनाच्या उजवीकडे जे पट्टे दिसतात, त्या त्या डिस्कच्या खोल्या. एकच चौकोन दिसला तर तुमच्याकडे दुसरी डिस्क नाहीच, आणि पुढचा मजकूर तुम्हाला तूर्त लागणार नाही.

डिस्क कोणती हे ओळखताना ० आणि १ या आकड्यांवर विसंबू नये. जुनी ० असू शकते आणि नवी १. खूण धरावी ती आकाराची. इथेही एक गंमत आहे. दुकानातून ५०० जीबीची म्हणून आणलेली डिस्क इथे ४६५ जीबीची दिसते, आणि एक टेराबाइटची ९३१ ची. दुकानदाराने फसवलेले नसते. बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. माल तेवढाच, माप निराळे. याच हिशेबाने २४० जीबीची एसएसडी २२३ ची दिसेल. करड्या चौकोनावर माउसचे उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडले तर डिस्कचे नाव आणि मॉडेल क्रमांकही दिसतो. तो वहीत लिहून घ्या, पुढे डबा उघडाल तेव्हा उपयोगी पडेल.

त्याच खिडकीत डिस्कच्या पट्ट्यावर 'हेल्दी' असे लिहिलेले दिसते. त्यावरून डिस्क ठणठणीत आहे असे समजू नका. खोलीची मांडणी शाबूत आहे एवढाच त्याचा अर्थ. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवरही हा शब्द तसाच राहतो. प्रकृती पाहायची असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. डिस्क आपल्या तब्येतीची नोंद स्वतःच्या पोटात ठेवत असते, ती नोंद तो वाचून दाखवतो. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, तांबडा म्हणजे आता वेळ घालवू नका.

नवी जुनीवर टेकलेली आहे का?

ही गोष्ट फार थोडे लोक पाहतात, आणि नेमकी इथेच फजिती होते.

नवी एसएसडी बसवताना दुरुस्तीवाल्याने जुनी डिस्क जोडलेलीच ठेवून विंडोज चढवले असेल, तर कधी कधी विंडोज स्वतः नव्या डिस्कवर जाते, पण त्याला जागे करणारा छोटासा भाग जुन्या डिस्कवरच राहतो. रोज कॉम्प्युटर नीट सुरू होतो, कुणाला काही कळत नाही. जुनी डिस्क काढली की दुसऱ्या मिनिटाला काळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस सापडत नसल्याची इंग्रजी ओळ! घरच्यांना वाटते, नवी डिस्कच गेली. गेलेले काहीच नसते. किल्ली जुन्या वाड्यात राहिलेली असते.

डिस्क मॅनेजमेंटच्या खिडकीत प्रत्येक खोलीच्या पट्ट्यावर कंसात काही शब्द असतात. 'बूट' जिथे लिहिले तिथे विंडोज राहते. 'सिस्टिम' किंवा 'ईएफआय सिस्टिम पार्टिशन' जिथे लिहिले तिथे जागे करणारा भाग असतो. नावे उलटसुलट वाटतात खरी, पण ती तशीच आहेत. हे दोन्ही शब्द नव्या डिस्कच्या ओळीत असतील आणि जुन्या ओळीत त्यांतला एकही नसेल, तर निर्धास्त राहा. 'सिस्टिम' जुन्या ओळीत आणि 'बूट' नव्या ओळीत दिसले, तर थांबा. जागे करणारा भाग नव्या डिस्कवर करून द्यायला जाणकार दुरुस्तीवाल्याला सांगा. त्याला हे अवघड नाही, विंडोजमध्येच त्याची आज्ञा आहे. मात्र ते होईपर्यंत जुनीला हात लावू नये. दोन्ही ओळींत 'ईएफआय' दिसले तर त्यातला एक भाग बहुधा जुन्या विंडोजचा उरलेला असतो. कोणता कामाचा, हे पुढे वायर काढून पाहिल्यावर कळते.

आणखी दोन गोष्टी पाहून घ्या. जुन्या ओळीत 'पेज फाइल' असा शब्द आहे का? असेल तर विंडोज तिथली जागा कच्च्या वहीसारखी वापरत आहे. सिस्टिमच्या प्रगत सेटिंगमधल्या 'व्हर्च्युअल मेमरी'त जाऊन ती नव्या डिस्कवर घ्यावी लागेल. दुसरे म्हणजे 'डॉक्युमेंट्स' आणि 'डेस्कटॉप' ही फोल्डरे खरोखर कुठे आहेत? त्यांच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'लोकेशन' पाहिले की पत्ता कळतो. टॅलीसारखा हिशेबाचा प्रोग्रॅम असेल तर त्याचीही चौकशी याच वेळी करा. पुष्कळदा प्रोग्रॅम नव्या डिस्कवर असतो आणि त्याचा डेटा जुन्या डिस्कवर.

काय वाचवायचे आणि आधी काय

आता खरे काम. जुन्या डिस्कमध्ये काय आहे, याची घरातल्या सगळ्यांनी मिळून यादी करावी. एकट्या मुलाला बसवू नये. त्याला आपले प्रोजेक्ट आठवेल, पण बचत गटाच्या मिटिंगांचे इतिवृत्त त्याच्या आईलाच आठवेल.

यादीचे दोन भाग पाडा. काही कागद पुन्हा मिळू शकतात. सातबारा आणि आठ-अ महाभूमीच्या संकेतस्थळावरून पुन्हा उतरवता येतात. आधार, बँकेचे खातेउतारे, निकालपत्र यांचीही प्रत मिळते, फार तर एक खेप पडेल. काही गोष्टी मात्र जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. घरचे फोटो, दूध-डेअरीचा जुना हिशेब, कोणत्या प्लॉटवर कोणत्या तारखेला काय फवारले याच्या नोंदी, विहीर खोदताना काढलेली चित्रे, भावाभावांच्या वाटपाच्या वेळी टाइप केलेले कच्चे खर्डे. आधी दुसऱ्या भागाकडे वळा.

डिस्क आजारी असेल तर क्रम फार महत्त्वाचा. सगळे एकदम निवडून 'कॉपी' म्हणू नका. मध्येच एखादी खराब जागा आली की सारे काम तिथेच अडते आणि डिस्क त्या एकाच जागेवर डोके आपटत राहते. लहान आणि मोलाची फोल्डरे आधी, एकेक करून. सिनेमे आणि गाणी सर्वांत शेवटी, जमले तर. एखादी फाइल येत नसेल तर ती सोडून पुढे जा. डिस्क 'दुरुस्त' करणारे प्रोग्रॅम किंवा विंडोजची चेकडिस्क मोलाचा माल बाहेर येण्याआधी मुळीच चालवू नका. ते सारी डिस्क इंचाइंचाने तपासत जातात आणि मोडक्या पायाच्या जनावराला डोंगर चढवल्यासारखे होते. टक-टक फारच वाढली आणि फोल्डरही उघडेनासे झाले, तर वीज बंद करून थांबावे. मोल फार असेल तर मग डेटा परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडेच जावे, कारण दर वेळी चालू करण्याने आतली हानी वाढत असते.

जुन्या विंडोजमधला माल कुठे दडलेला असतो, तेही सांगतो. जुन्या डिस्कमध्ये 'युजर्स' नावाचे फोल्डर शोधा, आत घरच्या माणसाच्या नावाचे फोल्डर, आणि त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स. उघडताना परवानगी नाही असे म्हणाले तर 'कंटिन्यू' दाबा. फार जुने एक्सपी असेल तर 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' असे नाव असते.

मराठी मजकुराची एक खास गोम आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्याकडे मराठी टायपिंग श्रीलिपीत किंवा पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएममध्ये होत असे. पतसंस्थेचे अहवाल, यात्रा कमिटीची पत्रके, लग्नपत्रिका सारे त्यातच. अशी फाइल नव्या डिस्कवर नेऊन उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे कडबोळे दिसते. फाइल बिघडलेली नसते. तिला लागणारा फॉन्ट जुन्या डिस्कवरच्या विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरात राहिलेला असतो. म्हणून फायलींबरोबर ते फॉन्ट्सचे फोल्डरही उचलून आणा. डिस्क बंद झाल्यावर हे आठवले तर उपयोग नाही.

उचललेला माल दोन ठिकाणी ठेवा. एक प्रत नव्या डिस्कवर आणि एक बाहेरच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर. बाहेरची प्रत शक्यतो दुसऱ्या घरात ठेवावी, मुलीच्या सासरी किंवा भावाकडे. पाच-पंचवीस फोटो उघडून पाहा. नुसती नावे आली आणि आतले चित्र आले नाही, असेही होते.

बंद करण्याच्या पायऱ्या

बंद करणे हेही कमी-जास्त असते, दार लोटणे वेगळे आणि कुलूप घालणे वेगळे.

सर्वांत हलका उपाय म्हणजे डिस्कचे अक्षर काढून घेणे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जुन्या डिस्कच्या पट्ट्यावर उजवे बटण दाबा, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' निवडा आणि 'रिमूव्ह' म्हणा. दारावरची पाटी काढल्यासारखे हे आहे. डिस्क आत आहे, माल आत आहे, पण एरवीच्या यादीत ती दिसत नाही. मुलांच्या हातापासून हिशेब दूर ठेवायला एवढे पुरते. मात्र याच यादीत 'फॉरमॅट' आणि 'डिलीट व्हॉल्यूम' हे शब्दही आहेत. त्यांच्या वाटेला जायचे नाही.

याहून पक्का उपाय 'ऑफलाइन'चा. या वेळी उजवे बटण पट्ट्यावर दाबायचे नाही, डावीकडच्या करड्या चौकोनावर दाबायचे. यादीत 'ऑफलाइन' दिसेल. ते निवडले की चौकोनावर खाली तोंड केलेला छोटा तांबडा बाण येतो आणि विंडोज त्या डिस्ककडे पाठ फिरवते. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला तरी ती तशीच राहते. पुन्हा हवी झाली की त्याच जागी 'ऑनलाइन' म्हणायचे. घरगुती गरजेला मला हाच उपाय पसंत आहे, कारण चुकीने नव्या डिस्कवर गेलात तर विंडोज स्वतःच नकार देते. ज्या फांदीवर ते बसले आहे ती फांदी ते तोडू देत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिसेबल डिव्हाइस' म्हणूनही हेच होते. पण तिथे डिस्कची नुसती नावे असतात, आकार दिसत नाही, आणि सारख्या नावांत गोंधळ होतो.

कॉम्प्युटर सुरू होताना 'डिलीट' किंवा 'एफ २' दाबून बायोसमध्ये जाता येते. काही बोर्डांवर तिथून डिस्कचे एकेक तोंड बंद करण्याची सोय असते, सगळ्यांवर नसते. सवय नसलेल्याने तिथे जाऊ नये असे मी सांगेन. शेजारचीच एएचसीआय-रेडची ओळ बदलली गेली की विंडोज सुरू होणे थांबते, आणि का थांबले ते कुणाला उमगत नाही.

आता लक्ष देऊन वाचा. वर सांगितलेल्या कोणत्याही उपायाने डिस्कला विश्रांती मिळेलच असे नाही. हार्ड डिस्कच्या पोटात आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. ७२०० म्हणजे सेकंदाला १२०! तबकडीवर वाचणारा काटा हवेच्या पातळ थरावर तरंगतो. ते अंतर इतके थोडे की साधा धुळीचा कणही त्यात मावत नाही. म्हणूनच ही पेटी कधीही उघडायची नसते. डिस्क ऑफलाइन केली तरी तिच्या मोटरला वीज मिळतच राहते. कॉम्प्युटर लावला की तबकड्या फिरू लागतात. काही वेळाने विंडोज मोटर थांबवेल न थांबवेल, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गोठ्याचे दार लावले, पण आत बैल रहाटाला जुंपलेलाच आहे. बिघाड सुरू झालेल्या डिस्कला हे परवडत नाही. आवाज करणारी, अडखळणारी डिस्क असेल तर तिची वायर काढणे हाच खरा उपाय.

वायर काढताना

कॉम्प्युटर 'शट डाउन' करताना 'शिफ्ट' बटण दाबून धरा. एरवी विंडोज पुढच्या वेळी लवकर उठता यावे म्हणून अर्धवट झोपते, शिफ्ट धरल्याने पुरते बंद होते. मग बोर्डावरचे बटण बंद करून पिनच बाहेर ओढा. घरात इन्व्हर्टर असतो, मेन स्विच पाडला तरी त्याची वीज चालू राहते, म्हणून पिन डोळ्यांदेखत बाहेर हवी. त्यानंतर कॉम्प्युटरचे बटण चार-पाच सेकंद दाबून धरा, आत उरलेली वीज निघून जाते.

डब्याच्या मागचे दोन स्क्रू काढले की बाजूचे पान सरकते. समोरून पाहताना बहुधा डावीकडचे. आत हात घालण्यापूर्वी डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावा, अंगातली स्थिर वीज उतरते. आत सुगीची धूळ, भुसा, कधी पालीची अंडीही सापडतील. कोरड्या मऊ ब्रशने साफ करा. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तिच्यात पाणी असते.

जुनी डिस्क ओळखायला सोपी. वीतभर लांबीची, लोखंडी, हातात घेतल्यावर जड. नवी एसएसडी पत्त्यांच्या जोडासारखी चपटी आणि हलकी, किंवा बोर्डावरच आडवी बसवलेली लहानशी पट्टी. जुनीवरच्या कागदावर मॉडेल क्रमांक असतो, तो वहीतल्या क्रमांकाशी जुळवा. तिला दोन वायरी येतात. अरुंद, सात संपर्कांची, ती बोर्डाकडून माहितीची; रुंद, पंधरा संपर्कांची, ती वीजपुरवठ्याची. दोन्ही काढाव्यात. वायरीला धरून ओढू नका, तोंडाला धरून सरळ ओढा. तोंडावर लहानशी पत्र्याची पट्टी असेल तर आधी ती दाबा. सुटलेली तोंडे पंख्यात जाणार नाहीत अशी बांधून ठेवा. लॅपटॉप असेल तर हे काम दुरुस्तीवाल्याकडूनच करून घेतलेले बरे.

आता पिन लावून कॉम्प्युटर सुरू करा. सुरू झाला तर किल्ली नव्या डिस्कवर होती हे सिद्ध झाले. बूट डिव्हाइस सापडत नसल्याची ओळ आली तर घाबरू नका. पुन्हा सारे बंद करून, पिन ओढून, त्याच वायरी परत लावा, पूर्वीसारखे होईल. म्हणूनच वायर काढून पाहण्यात काही बिघडत नाही.

वायर काढण्याचा आणखी एक फायदा आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभरच्या कॉम्प्युटरांतल्या फायलींना कुलपे लावली होती. त्या जातीचे विषाणू आजही फिरत आहेत. ऑफलाइन ठेवलेली डिस्क असा विषाणू पुन्हा ऑनलाइन करून घेऊ शकतो. वायर काढलेल्या डिस्कपर्यंत तो पोचूच शकत नाही.

नंतर तिचे काय करावे?

डिस्क बाहेर काढली असेल तर कागदात गुंडाळून, झाकणाच्या कोरड्या डब्यात, ओल धरणार नाही अशी ठेवा. औषधांच्या बाटल्यांत येणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या सोबत टाका. कोकणात तर हे हवेच. वर चिठ्ठी चिकटवा. आत काय आहे, कोणत्या वर्षापर्यंतचे आहे आणि कधी काढली. चिठ्ठी नसलेली डिस्क चार वर्षांनी कुणालाही भंगार वाटते.

आणि भंगारवाला दारात आला की याच डिस्कवर नजर पडते. ध्यानात ठेवा, बंद केलेल्या डिस्कमधला सगळा माल जागच्या जागी आहे. ती विकत घेणारा कुणीही आपल्या कॉम्प्युटरला जोडून तुमचे पासबुक, आधारच्या प्रती, घरच्या बायकामुलींचे फोटो पाहू शकतो. द्यायचीच झाली तर आधी दुरुस्तीवाल्याकडून तुमच्या समोर पुरती पुसून घ्या. ती चालतच नसेल तर लोखंडाच्या ड्रिलने तबकड्यांतून आरपार दोन-तीन भोके पाडा. डोळ्यांवर चष्मा ठेवा, काही डिस्कमध्ये तबकड्या काचेच्या असतात.

पुढे कधी जुना फोटो हवा झाला तर डबा उघडायची गरज नाही. हार्ड डिस्क यूएसबीला जोडणारी पेटी बाजारात मिळते. जड, साडेतीन इंची डिस्कसाठी स्वतंत्र अडॅप्टर असलेली घ्या, नुसत्या यूएसबीच्या विजेवर ती चालत नाही. जोडल्यावर "ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा" किंवा "इनिशियलाइज करा" अशी इंग्रजी चौकट पडद्यावर आली, तर 'कॅन्सल' दाबा. विंडोजला डिस्क नीट वाचता येत नाही एवढाच त्याचा अर्थ असतो. वायरीची तोंडे पुन्हा घट्ट बसवून पाहा, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहा. तरीही तीच चौकट आली, तर डिस्क आहे तशी जाणकाराच्या हाती द्या.